अजून नाही

पाचव्या दिवसाच्या पाण्यासाठी
अम्मा रात्री अडीचला उठते,
विडी घरकुलातल्या आमच्या ओट्यावर
नळाच्या तोंडाला कान लावून बसते.
आधी हवा येते, मग खोकला, मग पाणी.
तोवर तिच्या दंडात काही घडत नसतं.
मी त्या न घडण्याकडेच बघत राहते.

दिवसा माझ्या काचेखाली एक तंतू असतो,
चिमट्यांनी साल सोललेला,
केसाएवढा जाड.
त्याच्या पोटातल्या कोठ्यांत कॅल्शियम
बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी कोंडलेलं.
कोठीचं दार म्हणजे एक थोराड प्रथिन.
त्यावर कॅल्शियमने दाबायची कळ आहे,
आणि मॅग्नेशियम त्या कळेवर जाऊन बसतं
ती न दाबता.
दुसरीही एक जागा आहे दाराला,
तिथे तर बसणं म्हणजेच बंद.
दोन्हीकडून एकच निरोप:
अजून नाही.

एका मंगळवारी मी द्रवातलं मॅग्नेशियम
जवळजवळ सगळं काढून टाकलं.
हुकूम कुणी दिला नव्हता.
मज्जातंतू तर कधीच कापलेला.
तरी तंतू आखडला,
आलेखावरची रेघ कागदाबाहेर गेली
आणि मला नरसय्याकाका बुरा आठवले,
दाजी पेठेतल्या कारखान्यातले जॉबर,
साच्याची दांडी एका हाताने धरून
दुसऱ्याने तुटलेला धागा शोधणारे.
एकदा कुणीतरी हाक मारली, दांडी सुटली.
दोन नखं गेली.
टॉवेलवर डाग पडला म्हणून
तो ताका सेकंडमध्ये विकला.
काका पुढे कधी सांगायचे तर ताक्याचंच सांगायचे,
नखांचं नाही.

खरा हुकूम येतो तेव्हा वेगळं होतं.
पेशीच्या कातडीत आत शिरलेल्या नळ्या,
त्यांच्यातून विजेची चाहूल उतरते,
नळीतलं एक प्रथिन दाराला खांदा लावतं.
मॅग्नेशियम पळून जात नाही.
तिथंच असतं ते,
त्याची पकड सैल होते, एवढंच
(निदान आम्ही असं समजतो).
कॅल्शियम सुटतं, आणि
"आलं की गं पाणी!"
अम्माची घागर कमरेवर चढलेली असते.

एक, दोन, सात, अकरा.
पिंप भरतं, पातेली भरतात,
मग शेजारच्या पद्माक्काचा गुडघा दुखतो म्हणून
तिचंही पिंप.
एकोणिसाव्या घागरीला अम्मा थांबते.
"हात ऐकंना."

मी सांगते तिला, चारच्या सुमाराला, अंधारात,
की एटीपी नावाची एक शिदोरी असते,
बहुतेक मॅग्नेशियम तिच्याच पदराला बांधलेलं.
शिदोरी सरत आली की गाठ सुटते,
मोकळं मॅग्नेशियम दारांकडे वळतं
आणि नाही म्हणणारे वाढतात.
तंतूत हे मी पाहिलंय.
तुझ्या दंडात अगदी असंच होतं का,
हे मी छातीठोक नाही सांगणार.

अम्मा घाम पुसते पदराने.
"म्हंजे हात दमत न्हाई,
कुणीतरी त्याला वाचवायलंय."
हे मी लिहून ठेवायला हवं होतं,
पण माझ्या हातात बादली होती.

"शेंगाचटणीत असतंय का ते?"
असतं, शेंगदाण्यात.
"मग झालं की."
रात्री पोटरीला गोळा येतो त्याचं काय, विचारते.
मी म्हणते, ते बहुधा नसांचं प्रकरण, वेगळं.
ती माझ्याकडे अशी बघते,
एवढं शिकून अर्धंच सांगते ही.

सहाला ती सूप मांडीवर घेईल,
पानं, तंबाखू, दोरा.
दोन विड्यांच्या मधे बोटं क्षणभर पडून राहतील,
सूपाच्या काठावर, उताणी.
हजार विड्या, हजार वेळा.
कारखान्याच्या वहीत फक्त विड्या मोजतात.

नळाला तोटी नाही.
पाणी गेलं की अम्मा तोंडात चिंधी कोंबते.
चिंधीतून एक थेंब येतो,
लोंबतो,
थांबतो.
मी बघत बसते.
पडला.